जखम भरेपर्यंत

२ ऑगस्ट २०२५, कळसाडी

सुरतेहून आलो. पाठ मोडली – माझी. भूपेंद्रची आधीच मोडलेली आहे. (असले विनोद इथेच. तोंडावर ‘अहो’ म्हणते आणि उशी सरळ करते.)

डॉक्टर जागृती वळवी. मूळची धडगावकडची, आता सुरतेच्या मोठ्या हॉस्पिटलात मणक्याचं बघते. मराठीत बोलली म्हणून निम्मी भीती तिथेच गेली. तिने सांगितलं ते असं: कुणा अनोळखी बाळंतिणीने आपखुशीने दिलेली नाळ. तिच्यातल्या मूळपेशी काढायच्या, प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि कमरेतून सुईने मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात सोडायच्या. ‘हा प्रयोग आहे, उपचार नाही. म्हणून पैसेही घेत नाही. या पेशी तुटलेल्या दोऱ्याला दोरा जोडत नाहीत. दुखावलेली जागा शांत करतील, उरलेल्या तंतूंना आधार देतील असं वाटतं. माणूस चालेल असं मी कुणालाच सांगत नाही.’ फोनवर जाहिराती येतात ते क्लिनिकवाले मात्र सगळ्यांनाच चालवतात. त्यांना अशा प्रयोगाची सरकारी परवानगीच नाही, असं डॉक्टर म्हणाली.

अटी दोन. अपघाताला दोन वर्षं व्हायच्या आत सुई झाली पाहिजे, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापर्यंत. आणि माकडहाडावरची जखम पूर्ण भरलेली हवी. उघडी जखम असली तर जंतू पाठीच्या पाण्यात जायची भीती.

भूपेंद्रने एकच विचारलं. ‘पाय राहू द्या. लघवी लागली ते कळेल का?’ डॉक्टर म्हणाली, तेही ठाऊक नाही. त्याने मान हलवली आणि सही केली. बाहेर आल्यावर चहा मागितला, त्यात साखर कमी म्हणून कुरकुरला.

४ ऑगस्ट

काल कानबाई देवी बसली. सगळी भावकी आमच्या ओसरीत. रोटाचे, म्हणजे देवीच्या प्रसादाचे, गहू मोजताना घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ. नानीने पहिली मूठ भूपेंद्रच्या नावाची टाकली, सासऱ्यांच्याही आधी. (नानी म्हणजे कौसाबाई, माझी सासू. सगळं गाव नानी म्हणतं, मीही.) बायकांची मूठ नसते. भाकऱ्या भाजायला हात लागतात ते चालतं.

आज विसर्जनाला तो खुर्चीवर दारातून बघत होता. येणारा-जाणारा विचारी, ‘भाऊ, पाय हालतस का?’ गावाला फक्त पायांची काळजी. लघवीच्या पिशवीची चौकशी कुणी करत नाही.

१७ ऑगस्ट

जखम रुपयाएवढी आहे. खोल नाही, पण हटून बसलीय. तिथे त्याला काहीच कळत नाही हीच तर गोची. आपण बसल्या जागी नकळत कूस बदलतो, कारण दुखतं. त्याला दुखत नाही, म्हणून कातडी सडते.

दर दोन तासांनी कुशीवर वळवायचं. डावी कूस, उजवी कूस. पाठीमागे उशी, गुडघ्यांच्या मध्ये उशी. पाठीवर अजिबात नाही. रात्री गजर लावून मी आणि नानी आळीपाळीने उठतो. आढ्याला दोर बांधलाय, तो धरून वरचं अंग तो स्वतः उचलतो. दंड पैलवानासारखे झालेत. कमरेखाली मात्र काड्या.

दोरच नडला होता त्याला. तेवीस सालच्या डिसेंबरात कापसाने भरलेल्या गाडीच्या माथ्यावर उभा राहून दोर आवळत होता, दोर तुटला, पाठीवर पडला. गाडी जिनिंग मिलला वेळेवर गेली. हे तो स्वतःच पाहुण्यांना सांगतो आणि हसतो. पाहुण्यांना हसावं की नाही ते कळत नाही.

२९ ऑगस्ट

जखमेला प्रथिनं लागतात, डॉक्टर म्हणाली अंडी द्या. या घरात अंडं कधी शिरलेलं नाही. नानी दोन दिवस बोलली नाही. आज बघते तर गोठ्यामागे तीन दगडांची चूल, वेगळं पातेलं, आणि नानी नाकाला पदर लावून अंडी उकडतेय. सोलता येत नाहीत तिला. निम्मं अंडं टरफलाबरोबर गेलं.

९ सप्टेंबर

डोंगरावरच्या मोलगीहून दिलवरसिंग सरांचा फोन. आश्रमशाळेत विज्ञानाची जागा. कंत्राटी, पण नोकरी. मी अर्ज केला होता ते मीच विसरले होते. तिथेच राहावं लागेल, शनिवारी जीपने खाली उतरायचं, रविवारी परत चढायचं. ‘डिसेंबरपर्यंत थांबतो मॅडम. पुढे मुलांचं नुकसान.’

मला जायचं आहे. लिहून बघितलं.

बी.एड. करून मी काय शिकवलं? लग्नानंतर दोन वर्षं शहाद्याला शिकवण्या, मग हे. फळा बघून किती दिवस झाले. इथे माझं मन रमत नाही असं नाही, इथे माझं मनच कुणी विचारत नाही.

भूपेंद्रला संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, ‘जाय ना. तुले कोन धरी ठेवस?’ मी म्हटलं, आधी सुई होऊ द्या. सुईनंतर जाईन, काहीही होवो. नानी आहे, दादा (सासरे) आहेत, शनिवार-रविवार मी आहेच. ‘हां, सुईनंतर,’ तो म्हणाला. आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

२१ सप्टेंबर

जखम आकसून चवलीएवढी. कडा गुलाबी. डॉक्टरला फोटो पाठवला, तिने अंगठा पाठवला.

१ ऑक्टोबर

परत उघडली. आधीइतकीच. कुठे चुकलं? रात्री आम्ही एकदाही झोपून राहिलो नाही. नानी मला बोलत नाही, मी नानीला बोलत नाही, पण दोघी एकमेकींच्या पाळीकडे संशयाने बघतो. भूपेंद्र म्हणतो, ‘व्हई जाई, घाई काय शे?’

घाई आहे. तारीख जवळ येतेय आणि त्यालाच सांगावं लागतंय.

४ ऑक्टोबर

नणंद काजल बाळंतपणाला आली. पहिलं बाळंतपण, माहेरीच व्हायचं. तिला ब्राह्मणपुरीहून सोडायला आलेली तिची सासू दगूबाई चहा पिताना सहज म्हणाली, नाळ त्यांच्या गोठ्यात पुरायची, रीत आहे. नानी एकदम ताठ झाली. म्हणाली, ‘नाळ आठेच ऱ्हाई. नाळमा इतली ताकद शे, आन आपन तीले जमीनमा गाडी देतस. काजलनी नाळ मन्हा भूपाले कामले यी.’

म्हणजे सुरतेला जे सांगितलं ते नानीने असं ऐकलं! नाळ हवी. घरात नाळ येतेय. त्यातून मामा आणि भाचरू. मामाचा हक्क पहिला. तिच्या हिशेबात सगळं चपखल बसतं.

मी समजावलं. की ती नाळ आधीच घेतलेली आहे, तपासलेली आहे, पेशी काढून वाढवलेल्या आहेत, आपली कच्ची नाळ नेऊन काही होत नाही. नानीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘परक्या बाईनी चालस, आन घरनी नही चालस?’

याला माझ्याकडे उत्तर होतं. तिला ते नको होतं.

११ ऑक्टोबर

काजलला मुलगी. शहाद्याच्या दवाखान्यात, पहाटे. दोघी ठीक.

दुपारी बर्फ घ्यायला फ्रीज उघडला. वरच्या कप्प्यात स्टीलचा गोल डबा, झाकणाला दोर आवळलेला. हा दिवाळीचा शंकरपाळ्यांचा डबा! मला लगेच कळलं आणि तरी मी उघडून पाहिलं. वार, नाळ, सगळं. नर्सला काय सांगून मागून आणलं देव जाणे.

नानी मागे उभी होती. म्हणाली, उद्या सुरत. मी नाही म्हटलं असतं तर ती एकटी गेली असती, बोर्ड न वाचता येणारी बाई. म्हणून हो म्हटलं. हे दया म्हणून नाही, सोय म्हणून.

१३ ऑक्टोबर

काल सुरत. मोतीलालच्या कोल्ड्रिंकच्या दुकानातून बर्फ, थर्माकोलचं खोकं, त्यात डबा. नंदुरबारपासून गाडीत नानीने खोकं मांडीवरून खाली ठेवलं नाही. समोरच्या बाईने विचारलं, मासळी का? नानी म्हणाली, ‘नही वं बाई, औषध शे.’

डॉक्टर जागृतीला आधी फोन केला होता, पण सगळं सांगायचा धीर झाला नव्हता. नानीने खोकं तिच्या टेबलावर ठेवलं. डॉक्टरने हातमोजे घातले, डबा उघडला, बघितलं, बंद केला. मला वाटलं हसेल किंवा ओरडेल. तिने खुर्ची ओढली आणि नानीच्या शेजारी बसली.

‘मावशी, हे मला वापरता येत नाही.’ कारणं एकेक करून सांगितली, घाई न करता. नानी विचारत राहिली. जिची नाळ भूपाला द्यायची, तिने ती पुरली नाही? नाही. तिला माहीत आहे, कुणाला मिळणार? नाही, आम्हीही सांगत नाही. तिच्या घरचे रागावले नाहीत? डॉक्टर म्हणाली, ‘रागावले असतील कदाचित. तरी तिने दिली.’

नानीने खोकं परत मांडीवर घेतलं.

‘तुम्हाला काही करायचंच असेल तर जखम भरा,’ डॉक्टर म्हणाली. ‘बाकी सगळं माझ्याकडे तयार आहे. माझं फक्त तेवढ्यावर अडलंय.’

परतीच्या गाडीत नानीने एवढंच म्हटलं, ‘देवाले ठाऊक कोन व्हती ती. काजलसारखी पोरगी ऱ्हाई, दुसरं काय.’

भूपेंद्रला हे सगळं मी रंगवून सांगितलं. मासळीपर्यंत तो हसला. पुढे नानी टेबलाशी काय काय विचारत होती ते सांगितलं, तेव्हा त्याने तोंड भिंतीकडे केलं. थट्टा करायला नको होती असं वाटलं मला.

१५ ऑक्टोबर

काजलचा नवरा गोकुळ मोटरसायकलवर आला, डबा घेऊन गेला. ब्राह्मणपुरीच्या गोठ्यात नाळ पुरली. दगूबाईने डबा घासून परत पाठवला, आत नारळ. रिकामा डबा पाठवत नाहीत. नाळेवरून अबोला धरलेल्या विहिणी बोलायला लागल्या, एक काम झालं.

२२ ऑक्टोबर

पाडवा. ओवाळलं. त्याने ताटात काय टाकायचं म्हणून खिसा चाचपला आणि म्हणाला, ‘जखम भरनी का देसू.’

३१ ऑक्टोबर

भरत आलीय. अगदी मुगाएवढी. नानी रोज सकाळी बघते आणि हात जोडते, देवाला नाही, जखमेलाच.

५ नोव्हेंबर

परत उघडली. या वेळी पाणी येतंय.

डॉक्टरने फोनवर जखम बघितली. साखर तपासली? तपासली. गादी हवेची आहे? आहे. वळवता? हो. पाठीवर नाही ना? नाही. ‘मग ही भरायला पाहिजे होती,’ म्हणाली. ‘कुठेतरी भार येतोय.’

मी नानीवर ओरडले. रात्री डोळा लागला असेल तुमचा, म्हटलं. नानी गोठ्यामागे गेली आणि अंडी उकडत बसली. मला लाज वाटली, पण माघार घेतली नाही.

खरं लिहायचं तर – सुईने काही होईल असं मला फारसं वाटत नाही. मला ती व्हायला हवी आहे, कारण ती झाली की माझं या खोलीतलं काम संपेल. मी वाईट असेन. थकलेली तर नक्कीच आहे.

१६ नोव्हेंबर

दिलवरसिंग सरांचा फोन. एक डिसेंबरला या, नाहीतर दुसरी बाई बघतो. मी म्हटलं, सर, थोडं थांबा, एक जखम भरायची आहे. त्यांना काय कळणार!

२३ नोव्हेंबर, रविवार

शहाद्याला मलमपट्टीचं सामान आणायला गेले होते. बससाठी ताटकळायच्या आधीच मोतीलालची पिकअप मिळाली, लवकर पोचले. दादा आणि नानी शेतात, वेचणी चाललीय. ओसरी कापसाने भरलेली, म्हणून मागच्या दाराकडे वळले. तिथल्या खिडकीतून त्याची खोली दिसते.

जाताना त्याला डाव्या कुशीवर ठेवून गेले होते. तो पाठीवर होता. सरळ, उताणा. पाठीमागची उशी काढून बाजूला ठेवलेली, व्यवस्थित. एक हात दोरावर. दोर धरून वरचं अंग जरा उचललं, कंबर गादीवर पाहिजे तिथे टेकवली आणि सगळा भार सोडला. मग थांबला. छताकडे बघत होता. चेहऱ्यावर काहीच नव्हतं, जसं कोणी बसची वाट बघतं.

तेवढ्यात पुढच्या अंगणात कुत्रं भुंकलं. त्याने दोर धरला, अंग डावीकडे फेकलं, पाय हातांनी ओढून एकावर एक ठेवले, उशी मागे सरकवली. सगळं इतकं सफाईने केलं की हे आजचं नव्हतं. मी मागच्या दाराने आत गेले तेव्हा तो डाव्या कुशीवर झोपलेला होता.

मी पिशवी ठेवली. चहा केला. कप त्याच्या हातात दिला. बोलले असते तर कप फेकून मारला असता.

२४ नोव्हेंबर

आज बोलले. दादा-नानी शेतात गेल्यावर दार लावलं आणि म्हटलं, मी काल खिडकीतून बघितलं.

तो नाकारेल असं वाटलं होतं. नाकारलं नाही. उजव्या कुशीवर होता, माझ्याकडे तोंड.

मी खूप बोलले. की असल्या जखमेने माणसं मरतात. की नानीने तुमच्यासाठी अंडी शिजवली, डबा मांडीवर घेऊन सुरत गाठली. की मी तिच्यावर ओरडले, म्हातारीवर, आणि तुम्ही ऐकत पडला होतात. सुई नको होती तर सही कशाला केली? भीती वाटते? म्हणा ना भीती वाटते!

तो म्हणाला, ‘सुईनी भीती नही माले.’

मग कशाची?

त्याने दोराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. परत गुंडाळलं. म्हणाला, ‘सुई लागनी आन काही नही व्हयनं, ते तू जाशी. सुई लागनी आन व्हयनं, तरी बी तू जाशी. तूच म्हने ना, काहीबी व्हवो.’ मग माझ्याकडे न बघता, ‘जखम शे तोपावत तू शे.’

मला रडू यायला हवं होतं. आला राग. रागाच्या खाली काहीतरी होतं, ते मायेसारखं होतं, आणि त्याचा मला जास्तच राग आला. इतकी वर्षं हा माणूस मला ‘थांब’ असं एकदाही म्हणाला नाही. तोंडाने म्हणायचं ते कातडीने म्हणाला.

मी दार उघडलं. ड्रेसिंग बदललं. जखम चांगलीच खोल गेलीय. त्याला कुशीवर वळवलं आणि उशी लावली.

२५ नोव्हेंबर

नानीची माफी मागितली. कारण सांगितलं नाही. सुरतेला फोन केला नाही. मोलगीला केला.

११ डिसेंबर, मोलगी

एक तारखेला रुजू झाले. सुई नाही, जखम नाही, कशाचीच वाट बघितली नाही. निघताना त्याला सांगितलं, शनिवारी येईन, दर शनिवारी, जखम असो नसो. गेल्या शनिवारी गेले तेव्हा त्याने जीपने यायला त्रास होतो का ते विचारलं.

आज मधल्या सुट्टीत नानीचा फोन. ‘जखम सुकी ऱ्हायनी वं. तू गयी आन सुकाले लागनी, काय म्हनो हाईले. पन तारीखपावत भरावनार नही, डॉक्टरीनबाईले सांगी टाक.’

सांगते म्हटलं, आणि नववीच्या वर्गावर गेले.